अस्सल गाडी, उसना गिअर

अमेरिकेतल्या जुन्या मस्टँगच्या मालकाला अस्सलपणाचं भारी वेड. 1965 च्या गाडीला स्क्रूसुद्धा त्याच सालचा हवा. रेडिओ मुका असला तरी चालेल, पण मूळचा. असं कडक सोवळं हायवेवर मात्र सुटतं. जुन्या चार गिअरांच्या पेटीत शेवटचा गिअर एकास एक. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत बोंबलतं, शेजारच्याशी बोलताना घसा बसतो. (काहींना तीच सोय वाटते.)

मग येतो ट्रेमेकचा पाच गिअरांचा बॉक्स. कंपनीचा जन्म 1964 चा, मेक्सिकोतला. मस्टँगही त्याच साली बाजारात आली, म्हणजे पत्रिका जुळली! पाचवा गिअर 0.68 चा, त्यामुळे त्याच वेगाला फेरे 2040. पण ही नवरी एकटी येत नाही. नवा क्लच, नवी आडपट्टी, गरजेप्रमाणे आखूड केलेला शाफ्ट. आणि जागा अपुरी पडली की त्याच पवित्र पत्र्यावर हातोडा. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

मूळ पेटी गॅरेजात गोधडीत गुंडाळून ठेवलेली, गाडी विकताना सोबत द्यायला. आणि गिअरच्या दांड्यावर गोळा जुनाच, चारच आकडे कोरलेला.