यादी आणावी, एपासून सुरुवात करावी

बारावीनंतर कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला जायचे म्हणजे क्लॅट द्यायची, क्लॅट द्यायची म्हणजे इंग्रजी सुधारायचे आणि इंग्रजी सुधारायचे म्हणजे शब्दांची यादी आणायची. याबद्दल घराघरांत एकमत असल्याने सिद्धता देत बसत नाही. यादी निवडताना दोनच पथ्ये पाळावीत: ती वर्णानुक्रमे असावी आणि जाड असावी. अमेरिकेतल्या एसएटी परीक्षेसाठी बॅरन्सने एके काळी साडेतीन हजार शब्दांची यादी छापली होती, तिची झेरॉक्सही चालेल. त्या परीक्षेतून शब्दाशब्दांमधले नाते ओळखण्याचे प्रश्न २००५ साली गेले आणि वाक्यातल्या गाळलेल्या जागा २०१६ साली गेल्या, पण याद्यांपर्यंत ही बातमी अजून पोहोचलेली नाही.

इथे पहिला आक्षेप येतो. क्लॅटनेही २०२० पासून सुटे प्रश्न सोडून उताऱ्यांचा मार्ग धरला आहे. साधारण ४५० शब्दांचा उतारा आणि त्याखाली प्रश्न. एकूण १२० प्रश्न, वेळ दोन तास, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. त्यात इंग्रजीचे प्रश्न २२ ते २६. शब्दाचा अर्थ विचारलाच तर तो 'या उताऱ्यात' काय होतो, असा विचारतात. 'सँक्शन' म्हणजे मंजुरीही आणि निर्बंधही. यादीतल्या एका रकान्यात बहुधा यातला एकच मावतो. मग यादीचा उपयोग काय, असे आक्षेपक विचारतात. त्यांना यादीचे कार्यच कळलेले नाही. यादी परीक्षागृहासाठी नसतेच, ती घरासाठी असते. मुलगी सोफ्यावर बसून अग्रलेख वाचू लागली, तर पाचव्या मिनिटाला 'आता जरा अभ्यासाला बस' असे ऐकू येते. तीच मुलगी डोळे मिटून 'अबेट, अबेयन्स, अबहॉर' पुटपुटू लागली की टीव्हीचा आवाज उतरतो आणि न मागता दूध येते. शिवाय 'आज किती झाले?' या प्रश्नाला 'चाळीस' असे खणखणीत उत्तर देता येते. वाचणाऱ्याकडे असा आकडा नसतो. फार तर काहीतरी समजलेले असते आणि ते बाबांना मोजता येत नाही.

आता प्रत्यक्ष पद्धत. पिवळ्या हायलायटरने महत्त्वाचे शब्द रंगवावेत. सगळेच महत्त्वाचे असल्याने सगळे पान पिवळे करावे. शब्द ज्या वाक्यात येतो ते वाक्य वाचू नये, वेळ जातो. वर्णानुक्रम मोडू नये, कारण 'ॲबस्टीमियस' आणि 'ॲबस्ट्रूस' शेजारी शेजारी पाठ केले तरच चार दिवसांनी मिताहारी कोण आणि दुर्बोध कोण याची हवी तशी सरमिसळ होते. मागचे शब्द पुन्हा पाहणे तर कटाक्षाने टाळावे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवले, की पाठ केलेले आधी भराभर विसरले जाते, मग सावकाश. आणि मध्ये अंतर ठेवून उजळणी केली तर कमी कष्टांत टिकते. त्यासाठी त्याला निरर्थक अक्षरजुळण्या मुद्दाम तयार कराव्या लागल्या. आपल्याला त्या यादीत आयत्या मिळतात. नॉर्मन लुईसच्या शब्दसंग्रहावरच्या १९४९च्या प्रसिद्ध पुस्तकाबाबत मात्र सावध राहावे. त्यात शब्द विषयवार आणि धातूंच्या कुळाप्रमाणे लावलेले आहेत, पावलोपावली चाचण्या आहेत, आणि नेटाने पुढे गेल्यास काही शब्द कायमचे लक्षात राहण्याचा संभव आहे. सुदैवाने स्वभावप्रकारांचे सुरुवातीचे प्रकरण झाले की पुस्तक मिटण्याचा प्रघात आहे. म्हणूनच 'मिसॅन्थ्रोप' सगळ्यांना माहीत असतो आणि खोटारड्यांच्या दहा जाती सांगणारे प्रकरण कोरे राहते.

घरातले आजोबा अमरकोशाचा दाखला देतील: आमच्या वाडवडिलांनी कोश पाठच केला होता ना? केला होता, पण अमरसिंहाने शब्द वर्णानुक्रमे लावलेच नाहीत. स्वर्गाचे एका वर्गात, वनस्पतींचे दुसऱ्यात, समानार्थी शब्द एकमेकांना लागून, आणि सगळे अनुष्टुभात. एक शब्द आठवला की छंदाच्या ओघात पुढचा येतोच. त्यातून पाठ करणाऱ्याला तेच शब्द पुढे काव्यात भेटत. आपल्या याद्यांनी या सर्व त्रुटी दूर केल्या आहेत.

एक आक्षेप मात्र असा हसण्यावारी नेता येत नाही. तालुक्याच्या गावी मराठी माध्यमात शिकलेल्या, घरात इंग्रजी कागद न येणाऱ्या मुलाने काय करायचे? वाचून अर्थ लावायचा, तर दर तिसरा शब्द अडतो आणि संदर्भच हाती लागत नाही. त्याला स्वस्तातली यादी हाच आधार वाटला, तर त्यात त्याचे काय चुकले? पण याद्या शब्द निवडतात ते दुर्मीळ म्हणून. त्याला अडवणारे शब्द रोजच्या बातमीतले असतात, आणि ते सर्वांना येतात असे धरून यादीने केव्हाच वगळलेले असतात. रोज एक बातमी, अडलेले सहा-सात शब्द त्यांच्या वाक्यांसकट वहीत, आणि आठवड्याने तीच वाक्ये शब्द झाकून पुन्हा. एवढ्याने त्याचे काम पुढे सरकते. या कामात पुटपुटणे नाही, पिवळे पानही नाही, त्यामुळे शेजाऱ्यांना हा मुलगा काही करतो आहे असे वाटणार नाही. तेवढी किंमत त्याला मोजावी लागेल. बाकीच्यांनी हा परिच्छेद वगळला तरी चालेल.

परीक्षा संपल्यावर यादी टाकू नये. एपासून डीपर्यंतची पाने पिवळी असली, तरी ईपासून पुढचा माल नव्यासारखा असतो. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकवाल्याला मधूनच उघडून दाखवावी.