वीस मिनिटांत आदिलशाही

मे महिना लागला की सोलापुरात पारा चढतो आणि पेपरातून सहलींची पत्रकं गळायला लागतात. यंदाचं पत्रक चकचकीत आहे. 'निसर्गरम्य बालाघाटच्या डोंगररांगा, ऐतिहासिक नळदुर्ग, श्रीक्षेत्र अक्कलकोट, श्रीक्षेत्र तुळजापूर. एका दिवसात! अनुभवी गाइडसह!' मागच्या बाजूला वेळापत्रक. अक्कलकोट, एक तास. जेवण, सव्वा तास. चादर व शेंगाचटणी खरेदी, दीड तास. तुळजापूर, एक तास. नळदुर्ग किल्ला, वीस मिनिटे.

चष्मा पुसून पुन्हा वाचलं. वीसच.

या आकड्यामागे अभ्यास असणार. पंधरा मिनिटं ठेवली असती तर लोक घाई होते म्हणून कुरकुरले असते. पंचवीस ठेवली असती तर कुणाला तरी किल्ला बघावासा वाटला असता.

नळदुर्गच्या तटाला ११४ बुरूज आहेत. वीस मिनिटं म्हणजे बाराशे सेकंद. एका बुरजाच्या वाट्याला साडेदहा सेकंद येतात, तेही पाणी महालाकडे ढुंकूनही बघायचं नाही असं ठरवलं तर. हा महाल बोरी नदी अडवणाऱ्या धरणाच्या पोटात आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली तो बांधून झाला. पावसाळ्यात नदी धरणावरून उडी घेते, खिडकीसमोरून पाणी कोसळतं आणि आत उभ्या माणसाचा सदरा कोरडा राहतो. परवा बांधलेल्या आपल्या घरांच्या गच्च्या पहिल्या वळवाला गळतात. त्या खिडकीत निदान अर्धा तास तोंडाचा आ करून उभं राहायला काय हरकत आहे?

खुद्द खंडोबाचा मुक्काम वर्षातले सव्वादहा महिने अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गला असतो. देवाला न्यायचं-आणायचं तर दोन्ही गावचे मानकरी लेखी करार करतात. म्हणजे परतीची तारीख देवालाही चुकलेली नाही, पण शिट्टी वाजवून त्याला 'चला' म्हणण्याची कुणाची प्राज्ञा नाही. मेडोज टेलर हा इंग्रज १८५३ मध्ये जिल्ह्याचा कारभार बघायला नळदुर्गला आला. हा मुलूख त्याच्या डोक्यात असा बसला की पुढे १८६३ मध्ये त्याने तुळजापूरच्या मुलीवर 'तारा' नावाची अख्खी कादंबरी लिहिली. सोबत अनुभवी गाइड असता तर सगळं प्रकरण एका पोस्टकार्डात आटोपलं असतं.

आता या वीस मिनिटांचा जमाखर्च. बस थांबते. मागच्या सीटखाली गेलेली कुणाची तरी चप्पल सापडेपर्यंत दोन मिनिटं. माणसं मोजायची. पहिल्या मोजणीत चव्वेचाळीस भरतात, दुसऱ्या मोजणीत शेहेचाळीस, तेव्हा गाइड मधला आकडा धरतो आणि पुढे सरकतो. मग सहल कंपनीचं बॅनर उलगडून दरवाजासमोर सामूहिक फोटो, कारण किल्ला पाहिला नाही तरी चालेल, पाहिल्याचा पुरावा हवा. बॅनर उलटं धरल्याचं फोटो काढून झाल्यावर ध्यानात येतं, म्हणून पुन्हा एकदा. मग माहिती. 'हा किल्ला. लई जुना. ह्यो तिकडं उंच दिसतो तो उपळी बुरूज, तिकडं जायला वेळ नाही. हे दोन धबधबे. एक नर, एक मादी.' मंडळी वाकून बघतात. समोर उन्हाने तापलेला काळा दगड आणि वाळलेलं शेवाळ. पत्रकावर पांढराशुभ्र प्रपात कोसळत असतो, तो कुठे आहे? 'पाणी पावसाळ्यात असतंय की काका.' मग पत्रकातला फोटो? 'त्यो पावसाळ्यातलाच हाय.' मग सहल मे महिन्यात कशाला? 'पावसाळ्यात लई गर्दी असतंय.' या उत्तरात कुठेही फट नाही. धरणाच्या बांधकामातही नसेल इतकं ते पक्कं आहे. आपण पुढचा प्रश्न जुळवेपर्यंत शिट्टी वाजते. 'चला, चला! उशीर व्हायलंय!'

आणि या जमाखर्चात एक रकाना कुणी धरतच नाही. बसमध्ये निम्म्याहून जास्त बायका असतात. सकाळी सहाला निघालेल्या, मे महिन्याच्या उन्हात, आणि दिवसभर पाण्याची बाटली हातात धरून न पिणाऱ्या. कारण पाणी प्यायलं तर जायचं कुठे? एखाद्या थांब्यावर स्वच्छतागृह असतं, त्याला दोन दारं, त्यातल्या एकाला कुलूप. रांगेतली शेवटची बाई बाहेर येईपर्यंत वीस मिनिटं संपलेली असतात आणि वर 'लेडीजमुळे उशीर होतो' हे ऐकावं लागतं. त्या बाईने आदिलशाही पाहिली नाही, तिने एक दार पाहिलं. पत्रकावर चार रंगांत देवाचे फोटो छापता येतात, पुशबॅक सीट आणि एसी ठळक अक्षरांत छापता येतो; 'वाटेत बायकांसाठी चालू, धुतलेलं, पाणी असलेलं स्वच्छतागृह अमुक ठिकाणी आहे' ही एक ओळ छापायला शाई संपते का? ज्या सहलीत निम्म्या प्रवाशांना तहान दाबून बसावं लागतं, तिला सहल म्हणू नये. ती शिक्षा आहे, आणि तिचे पैसेही आगाऊ भरून घेतात.

दीड तास आहे तो चादरीला. सोलापूरच्या पूर्व भागात राहणारा, भिंतीपलीकडच्या मागाच्या खडखडाटात लहानाचा मोठा झालेला माणूस गाडीत बसून शहराबाहेर जातो आणि हायवेवरच्या दुकानात सोलापुरी चादर विकत घेतो. शेंगाचटणीही घेतो. घरी बायकोने केलेली असते, पण ही 'सहलीतली' आहे. गाइडला दुकानात कुणी घाई करताना पाहिलं नाही. तिथे तो शिट्टी खिशात ठेवून आत मालकाशी चहा पीत बसतो. माणसं मोजण्याचीही गरज वाटत नसावी, तिथे पिशव्या मोजल्या जातात.

उरला निसर्ग. तो जेवणानंतर ठेवलाय. तुळजापूरच्या घाटाची वळणं सुरू होतात तेव्हा खिडक्यांचे पडदे ओढलेले असतात, टीव्हीवर मारामारी चाललेली असते आणि सव्वा तासाचं जेवण आपलं काम करत असतं. 'डावीकडं बघा, बालाघाट!' असं गाइड माइकवर ओरडतो. अख्ख्या बसमध्ये जागा फक्त ड्रायव्हर असतो, आणि त्याने डावीकडे बघू नये अशी बाकीच्यांची इच्छा असते. पुढे तुळजापूरला रांग वेळापत्रकाहून लांब निघाली की कळसदर्शन. कळस पाहिला तरी पुण्य मिळतं, ही सोय धर्माने भक्तांसाठी केली. सहलवाल्यांनी ती किल्ल्यालाही लावली.

बरं, सहलवाल्याला तरी किती बोलायचं? नळदुर्गला अख्खा दिवस देणारी सहल त्याने काढली तर गाडीत तो, ड्रायव्हर आणि इतिहासाचे एक निवृत्त मास्तर असतील. आपल्याला बघायचं नसतंच, मोजायचं असतं. रात्री घरी फोन येतो तेव्हा कुणी 'काय पाहिलंत?' विचारत नाही. 'किती ठिकाणं झाली?' विचारतात. चार झाली म्हटलं की पलीकडचा सांगतो, आमची सहा झाली होती. तेवढ्याने चार ठिकाणंवाल्यांचा जीव कासावीस होतो. मग पुढच्या सहलीत सहा ठिकाणं बसवायची तर मिनिटं कुठून तरी कापावीच लागतात, आणि सव्वा तासाच्या जेवणातून कापायला कुणीही तयार नसतं.

म्हणून दिवाळीच्या सहलीचं पत्रकही आत्ताच आलंय. विजापूर, बदामी, पट्टदकल, ऐहोळे, एका दिवसात, निघणे पहाटे दोन. निम्म्या जागा भरल्यात म्हणे. गोल घुमटाला पंचवीस मिनिटं आहेत. घुमटाखालच्या सज्जात एकदा ओरडलं की आवाज सात वेळा ऐकू येतो, तेव्हा गाइडचं 'चला' एका तिकिटात सात वेळा मिळेल.