उमेदवार : स्वरूप आणि लक्षणे

'उमेदवार' या शब्दाच्या पोटात फारसीतली 'उमेद', म्हणजे आशा, बसलेली आहे आणि जुन्या मराठीत 'उमेदवारी करणे' म्हणजे पुढे कधीतरी पगार मिळेल या आशेवर, पण तूर्त पगाराशिवाय, कुणाच्या तरी हाताखाली काम शिकत राहणे असा अर्थ होता. म्हणजे माणूस आधी कामातून दिसे आणि नोकरीचे नंतर ठरे. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात आज आढळणाऱ्या उमेदवाराने हा क्रम फिरवला असून, आधी त्याचा दोन पानी कागद प्रकट होतो, मग तो कागद हातात धरून तो स्वतः प्रकट होतो, आणि दोघांना शेजारी शेजारी पाहिल्यावर यांपैकी नेमके कोणाला कामावर घ्यायचे असा पेच भरती करणाऱ्या अधिकाऱ्याला पडतो.

या जातीचा अधिवास टप्प्याटप्प्याने विस्तारत गेला. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना 1954 साली उभा राहिला, 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे ज्याला सगळा महाराष्ट्र नुसते 'एमआयडीसी' म्हणतो ते, स्थापन झाले, 1982 साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली, आणि पुढे जागा अपुरी पडू लागल्यावर कारखान्यांनी कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या चाकणची वाट धरली. पहिल्या पिढीचा उमेदवार फुलस्केप कागदावर स्वहस्ते अर्ज लिहून त्याच्या शेवटी 'आपला कृपाभिलाषी' असे लिही, आणि गावाकडचा एखादा फोरमन त्याच्यासाठी आत शब्द टाकी. त्या अर्जात शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ असत, पण त्या अर्जदाराच्या स्वतःच्या असत. आजच्या कागदात चुकासुद्धा दुसऱ्याच्या असतात, कारण मूळ फाईल कोण्या मित्राच्या मित्राची असून ती झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर नाव, मोबाइल क्रमांक आणि टक्केवारी तेवढी बदलून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असते. काही वेळा पहिल्या पानावर एक नाव आणि दुसऱ्या पानाच्या तळाशी, सहीच्या जागी, भलतेच नाव निघते ते यामुळेच.

या कागदाला अधिकारी 'रेझ्युमे' म्हणतात आणि उमेदवार 'बायोडाटा' म्हणतो, आणि बराचसा घोटाळा इथेच होतो. मराठी घरात बायोडाटा या नावाचा आणखी एक कागद असतो, तो लग्नासाठी फिरतो, आणि दोन्ही कागद बहुधा एकाच दुकानात तयार होत असल्याने त्यांची सरमिसळ झालेली असते. त्यामुळे प्रेस शॉपमधल्या, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या विभागातल्या, कामासाठी आलेल्या कागदावर उंची, वडिलांचा व्यवसाय, भावंडांची संख्या आणि 'अविवाहित' ही माहिती ठळक मिळते. रास आणि कुलदैवत तेवढे राहून गेलेले असते. फोटोही बहुधा त्याच कामासाठी काढलेला असतो. ईमेलचा पत्ता दहावीत असताना उघडलेला असल्याने त्यात 'किंग' किंवा 'रॉयल' यांपैकी एखादी पदवी असते, आणि अधिकाऱ्याने फोन केलाच तर आधी एक पूर्ण गाणे ऐकू येऊन मग "कोण बोलतंय?" असा दरडावलेला प्रश्न येतो.

कागदाच्या माथ्यावर 'ऑब्जेक्टिव्ह' नावाचे एक इंग्रजी वाक्य असते. त्याचा आशय असा की आव्हानात्मक वातावरणात आपल्या क्षमतांचा पुरेपूर वापर करून संस्थेच्या आणि स्वतःच्या प्रगतीस हातभार लावण्याची लिहिणाराची इच्छा आहे. हे वाक्य आजवर कोणत्याही उमेदवाराने लिहिलेले नाही आणि कोणत्याही अधिकाऱ्याने शेवटपर्यंत वाचलेले नाही, तरीही ते प्रत्येक कागदावर असते, जसा पत्रिकेवर गणपती असतो. वास्तविक रात्रपाळीत दोन माणसे दांडी मारून गेलेली असताना लाइन चालू ठेवणे, इतके आव्हानात्मक वातावरण चाकणमध्ये मागेल त्याला मिळते.

त्याखाली कौशल्यांची यादी येते आणि तिथे उमेदवाराचा हात सढळ होतो. 'एफएमईए', म्हणजे बिघाड होण्याआधीच तो कुठे आणि कसा होऊ शकेल याचा तक्ता मांडण्याची रीत, आणि 'पीपीएपी', म्हणजे नवा सुटा भाग नियमित उत्पादनात घेण्यापूर्वी गिऱ्हाईक कंपनीची मंजुरी मिळवण्याची कागदपत्रांसह सगळी प्रक्रिया, या दोन्हींत तो स्वतःला पारंगत म्हणवतो. त्यात निव्वळ खोटेपणा असतो असे नाही. तो ज्या कंपनीत सहा महिने होता तिथे हे शब्द भिंतीवरच्या फलकावर होते आणि तो रोज त्या फलकाखाली चहा पीत असे.

खरी मौज मात्र कागदावर जे नसते त्यात आहे. या पट्ट्यात 'जॉब' या शब्दाला दोन अर्थ आहेत, एक नोकरी आणि दुसरा मशीनवर बांधलेला धातूचा तुकडा. ज्याच्या हाताखालून दुसऱ्या प्रकारचे हजारो जॉब गेलेले आहेत असा माणूस पहिल्या प्रकारचा एक जॉब मागायला येतो आणि नेमकी तीच गोष्ट लपवतो. भोसरीत कोणा नातेवाइकाच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याने दोन वर्षे व्हीएमसीवर, म्हणजे उभ्या स्पिंडलच्या संगणकनियंत्रित कापाईच्या मशीनवर, मोठ्या कंपन्यांचे जॉबवर्क केलेले असते, परंतु शेड म्हणजे काही कंपनी नव्हे अशी त्याची समजूत असल्याने ती दोन वर्षे कागदावरून गळतात आणि तिथे 'गॅप', म्हणजे हिशेब न लागणारा कोरा काळ, तयार होतो. त्याविषयी विचारले की तो "सर, घरगुती प्रॉब्लेम" असे म्हणतो, आणि अधिकारी तुरुंगापासून प्रेमभंगापर्यंत सर्व शक्यता मनात आणतो.

याच्या उलट, कंत्राटदारामार्फत केलेल्या नोकऱ्या मात्र तो झाडून सगळ्या लिहितो आणि तीन वर्षांत पाच कंपन्या पाहून अधिकाऱ्याच्या कपाळाला आठी पडते, कारण असा माणूस 'स्टेबल' नाही, म्हणजे टिकत नाही, असे त्याचे शास्त्र सांगते. वास्तविक 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात 1953 साली झालेल्या दुरुस्तीने वर्षात 240 दिवस काम केलेल्या कामगाराला सलग सेवेचे काही हक्क दिले, तेव्हापासून हा आकडा भरण्याच्या आत माणसाला 'ब्रेक' द्यायचा, म्हणजे काही काळ घरी बसवायचे, ही युक्ती कंत्राटी भरतीत रुळली. तेव्हा टिकला नाही तो नेमका कोण, हा प्रश्न विचारण्याची सोय मुलाखतीत ठेवलेली नसते.

मुलाखतीचा दिवस रस्त्यापासूनच बिघडतो. चाकणची औद्योगिक वसाहत अनेक टप्प्यांत आणि अनेक गावांच्या हद्दींत पसरलेली असल्याने दुसऱ्या फेजमधला कारखाना गाठायला निघालेला उमेदवार चौथ्या फेजच्या फाटकाशी पोहोचतो, आणि तळेगाव चौकातली कोंडी पार करून योग्य फाटकाशी येईपर्यंत शर्टाची इस्त्री आणि पाठ केलेली वाक्ये दोन्ही विस्कटलेली असतात. उशिराचे कारण म्हणून तो ट्रॅफिक सांगतो. ते खरे असते, पण त्या दिवशी ते सांगणारा तो सातवा असतो.

आत गेल्यावर "माईसेल्फ" या शब्दाने आरंभ होतो. समोरची बाई साताऱ्याची आणि हा लातूरचा, दोघेही मराठी शाळेत शिकलेले, तरी पहिली पाच मिनिटे दोघे एकमेकांची इंग्रजीतून चौकशी करतात, आई गृहिणी आणि वडील शेतकरी असल्याचे एका दमात सांगून झाले की उमेदवाराचे इंग्रजी संपते, आणि "मॅडम, मराठीत सांगितलं तर चालेल का?" या त्याच्या प्रश्नाने दोघांचीही सुटका होते. मग ती त्याची उणीव विचारते. गुणांच्या बाबतीत उमेदवार परस्परांहून पुष्कळ भिन्न असले तरी उणिवेच्या बाबतीत या पट्ट्यात विलक्षण एकवाक्यता आहे, कारण प्रत्येक जण लोकांवर पटकन विश्वास ठेवतो. यानंतर पाच वर्षांनी आपण कुठे असाल असे विचारले जाते. सात महिन्यांच्या करारावर घेऊ पाहणाऱ्याने हा प्रश्न विचारावा आणि विचारताना हसू नये, याला सराव लागतो. उमेदवाराने मात्र कँटीन आहे का आणि बस नाशिक फाट्यावरून सुटते का, एवढेच विचारलेले असते, आणि त्याची नोंद 'कामात रस नाही' अशी होते.

शेवटी उत्पादन विभागाचा माणूस येतो, कागद बाजूला सारतो आणि टेबलावर एक गोल पिन व व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग वाचणारे मोजमापाचे साधन, ठेवतो. उमेदवार आधी जबडे शर्टाच्या टोकाने पुसतो, ते मिटवून शून्यावर शून्य येते का हे पाहतो, मग पिन धरून, प्रकाशाकडे थोडे वळवून, "चोवीस पॉइंट तीन सहा" असे मराठीत सांगतो. शून्य तपासायला त्याला कोणी सांगितलेले नसते. हे कुठे शिकलास, असे विचारल्यावर तो खाली पाहत भोसरीच्या शेडचे नाव घेतो. ज्या कागदावर ते नाव कुठेच नाही, त्यात 'छंद' या सदराला तीन ओळी दिलेल्या असतात.