ओलं, सुकं आणि बालवाङ्मय

इंदूरकराला वर्गीकरण शिकवायला कुणी येऊ नये. स्वच्छ सर्वेक्षणात 2017 पासून हे गाव पहिला नंबर सोडायला तयार नाही. सकाळी कचरागाडी गाणं वाजवत गल्लीत शिरली, की इथला माणूस अर्धवट झोपेतही कांद्याचं साल एका डब्यात, दुधाची पिशवी दुसऱ्यात आणि घड्याळातला संपलेला सेल तिसऱ्यात अचूक टाकतो. ही विद्या आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत इतकी मुरली आहे, की यंदा बालविभागासाठी नवी पुस्तकं आली तेव्हा ग्रंथालयशास्त्राला अजिबात त्रास न देता तीही त्याच पद्धतीने वेगळी करण्यात आली. ओलं, सुकं आणि धोकादायक.

वाचनालयाचं नाव देत नाही. राजवाड्यापासून राजेंद्रनगरपर्यंत ज्याला ते आपलं वाटेल, त्याने खुशाल आपलं म्हणावं.

मुलांची पुस्तकं घ्यायचं कुणाच्या लहरीने ठरलं, असं नाही. मराठीची काळजी करण्याचा आमचा अनुभव दांडगा आहे. साहित्य संमेलन इंदुरात तीनदा भरलं: 1917, 1935 आणि 2001 साली. दर वेळी पाहुणे गाडीत बसून गेले, काळजी मात्र आमच्याकडे ठेवून गेले आणि आम्ही ती जिवापाड सांभाळली. मग 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि काळजी दुप्पट झाली. साधी भाषा नातवंडांनी बिघडवली, तर घरातल्या घरात मिटवता येतं. अभिजात भाषा बिघडली, तर दिल्लीला काय तोंड दाखवायचं? आमची नातवंडं शाळेत इंग्रजी, मैदानावर हिंदी आणि आजीकडे पैसे मागताना मराठी बोलतात. ‘आजी, मी छप्पन दुकानला जाऊन राहिलो आहे’ हे हिंदी वळणाचं वाक्य स्वतःच्या घरात ऐकल्यापासून अध्यक्षांची झोप उडाली होती. थोडक्यात, पुस्तकं मुलांसाठी आली असं कुणी समजू नये. ती अध्यक्षांच्या झोपेसाठी आली.

खरेदी समितीतल्या सर्वांत तरुण सभासदाचं निवृत्तिवेतन नुकतंच सुरू झालं होतं. एखाद्या मुलालाही बैठकीला बोलवावं, अशी सूचना ग्रंथपाल बाईंनी केली. पण मुलांना काय आवडतं, हे मुलांना कुठे कळतं, या मुद्द्यावर ती एकमताने फेटाळली गेली. बाईंनी तरीही नेट लावून माधुरी पुरंदरे यांची ‘यश’ आणि ‘राधाचं घर’ ही पुस्तकं टेबलावर मांडली. 2014 सालचा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार पुरंदऱ्यांना मिळाला आहे, चित्रंही त्यांनीच काढली आहेत, असं सगळं सांगितलं. कोषाध्यक्षांनी पुस्तक उघडलं, शब्द मोजले आणि चष्मा काढला.

“अहो, पानभर चित्र आणि खाली थोड्या ओळी. शब्दाला काय दर पडला?”

“काका, लहान मूल चित्रच वाचतं आधी,” बाई म्हणाल्या.

“चित्र बघायचं, वाचायचं नसतं. आणि तात्पर्य कुठे आहे यात?”

तात्पर्य खरंच नव्हतं. घरात रोज घडतं तेच पुस्तकात घडत होतं आणि शेवटी कुणी सुधारत नव्हतं. मूल गोष्ट शेवटपर्यंत वाचेल आणि तरीही जसं आहे तसंच राहील, तर पैसे कशाचे मोजायचे, हा कोषाध्यक्षांचा सवाल बिनतोड होता. त्याच रकमेत थोरामोठ्यांच्या चरित्रांचा अख्खा संच येत होता, वर पन्नास टक्के सूट आणि मांडणी फुकट. संच मंजूर झाला. पुरंदऱ्यांची पुस्तकं ‘नमुना प्रत’ म्हणून आली आणि ती अजून नमुनाच आहेत.

आता वर्गीकरणाकडे येऊ. सुक्या गटात चरित्रं, बोधकथा, सामान्यज्ञान आणि वेळेचं महत्त्व. यांतून काही पाझरत नाही, वास येत नाही, वर्षानुवर्षं जशीच्या तशी टिकतात. दर्शनी कपाट त्यांना दिलं. ओल्या गटात पऱ्या, भुतं, बोलणारे प्राणी आणि मुख्य म्हणजे हसू आणणारी पुस्तकं. हसताना मुलाची थुंकी पानावर उडते आणि रडू आलं तर पान आणखीच भिजतं, म्हणून ही सगळ्यांत वरच्या फळीवर, म्हणजे सहा फुटांखालच्या वाचकाचा हात पोचणार नाही अशा बेताने. जी. ए. कुलकर्णींच्या ‘बखर बिमची’वर थोडी चर्चा झाली. पुस्तक मुलांचं आहे, असं बाई परोपरीने सांगत होत्या. पण जी. ए. म्हणजे गंभीर, हे एका सभासदाला पक्कं ठाऊक होतं. ती बखर सध्या मोठ्यांच्या विभागात नियती आणि मृत्यू यांच्या शेजारी बसली आहे.

धोकादायक गटात एकच माणूस निघाला: फास्टर फेणे. फुरसुंगीचा हा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकायला जातो, तो बहुधा शिकणं सोडून बाकी सगळं करण्यासाठी. सायकल काढतो, घरच्यांना पत्ता लागू न देता चोरांच्या मागे लागतो, अडकतो, ‘ट्टॉक’ करतो आणि सुटतो. उपाध्यक्षांनी हरकतींची यादीच वाचली. डोक्यावर हेल्मेट नाही, पालकांचं संमतिपत्र नाही, आणि वीस पुस्तकं झाली तरी गृहपाठाचं नाव नाही. पुस्तकं परत पाठवावीत, असा ठराव लिहिला जात असताना ग्रंथपाल बाई हळूच म्हणाल्या, “भा. रा. भागवत इंदूरचे होते. जन्म इथलाच, 31 मे 1910.”

ठराव लिहिणारं पेन थांबलं. कार्यवाहांची छाती दोन इंच पुढे आली. म्हणजे हा फेणे आपलाच की! इतकी वर्षं पुणेकर त्याला आपल्या पेठांतून पळवतात, दूरदर्शनने त्याची मालिका काढली, 2017 साली अमेय वाघला घेऊन सिनेमा झाला, आणि मूळ मालक इथे कोटेशन तपासत बसला! पण म्हणून सायकल थोडीच सुरक्षित होते? अखेर सुवर्णमध्य निघाला. लेखक आपला आणि पात्र धोकादायक, हे दोन्ही मान्य करून भागवतांची तसबीर भिंतीवर लावावी, खाली काचेचं कपाट करून त्यात सगळे फेणे ठेवावेत आणि कपाटाला कुलूप घालावं. भागवतांनी 1951 मध्ये मुलांसाठी ‘बालमित्र’ मासिक काढलं, ज्यूल व्हर्न मराठीत आणला, मुलांना समुद्राच्या तळाशी आणि चंद्रापर्यंत नेलं. इंदुरात मात्र त्यांची मजल काचेपर्यंत.

उद्घाटन थाटात झालं. मुलांना पहिल्या रांगेत बसवलं, कारण त्याशिवाय फोटोत बालविभाग दिसत नाही. हल्लीची मुलं वाचत नाहीत, या विषयावर एकामागून एक भाषणं झाली. ऐकणाऱ्या मुलांना काचेतून पुस्तकं दिसत होती, त्यांच्यावरची चित्रं दिसत होती, आणि एक धिटुकली पोरगी प्रत्येक भाषणानंतर “आता?” असं विचारत होती. भाषणं संपली आणि रिवाजाप्रमाणे पोहे-जिलेबी आली. जिलेबीच्या पाकाने चिकट झालेले हात नव्या पुस्तकांना लागू देणं कोणत्याही जबाबदार संस्थेला शक्य नाही. मुलं नळावर हात धुऊन आली, तेव्हा कुलूप लागलेलं होतं आणि कार्यवाह किल्ली खिशात घालून पाहुण्यांना सराफ्यात खाऊ घालायला घेऊन गेले होते.

बालविभागाचे नियम दारावर लावले आहेत. अनामत रक्कम, दोन छायाचित्रं, आई-वडिलांच्या आधार कार्डांच्या प्रती आणि दोन जुन्या सभासदांची शिफारस. वेळ सकाळी अकरा ते पाच, रविवारी सुटी. शाळा नेमकी याच वेळात भरते, हा शाळेचा दोष आहे. तरीही बालविभागाला एक नियमित वाचक लाभला. वय ऐंशीच्या घरात. माजी अध्यक्ष असल्यामुळे त्यांना किल्ली मिळते. नातवाच्या कार्डावर फेणे नेतात, वर्तमानपत्राचं कव्हर घालतात, रात्री पांघरुणात वाचतात आणि एकही कोपरा न दुमडता परत आणतात. त्यांना यंदाचा आदर्श बालवाचक पुरस्कार द्यावा, असं घाटतं आहे.

ग्रंथपाल बाईंना यात हसू येत नाही. प्रत्येक पुस्तकाला दाखल नोंदवहीत क्रमांक असतो आणि वर्षाअखेरीच्या पडताळणीत तो क्रमांक कपाटात सापडला नाही, तर सगळ्या माना त्यांच्याकडे वळतात. पुस्तक किती मुलांनी वाचलं, हे आजवर एकाही हिशेब तपासनीसाने त्यांना विचारलेलं नाही. जागेवर आहे का, एवढंच विचारतात. अशा व्यवस्थेत शहाणा ग्रंथपाल वाचकाकडे संशयित म्हणून बघायला लागला, तर त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. पण बाई चिकाटीच्या. त्यांनी केंद्र सरकारचे 2017 चे सर्वसाधारण वित्तीय नियम शोधून बैठकीत आणले. वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे वर्षाला पाच हरवली, तर ते नुकसान वाजवी मानावं, मात्र त्यात अप्रामाणिकपणा किंवा हयगय नसावी, असं त्यात सरकारी ग्रंथालयांसाठी लिहिलेलं आहे. खुद्द भारत सरकार पाच पुस्तकं हरवू देतं, हे ऐकून समितीला गहिवरून आलं. पाच पुस्तकं म्हणजे पाच मुलं तर खूश होतील! मग कोषाध्यक्षांनी नियम पुन्हा वाचला आणि त्यांच्या लक्षात आलं, की पाच हरवायची असतील तर आधी हजार द्यावी लागतात. एवढ्या देवघेवीची सवय संस्थेला नाही. विषय तहकूब झाला.

होळकरांच्या गावात गायकवाडांचं कौतुक करू नये, पण बडोद्याचं उदाहरण बाईंनी दिलंच. सयाजीरावांनी 1910 मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून राज्यभर ग्रंथालयं उभी करायला घेतली. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळी खोली होती आणि तिथे पुस्तकांबरोबर खेळही होते. मुलांनी खेळता खेळता पुस्तकाला हात लावावा, न लावला तर खेळावं, असा तो सगळा मामला. पुढे ‘श्री सयाजी बालज्ञानमाला’ही निघाली. समितीने शांतपणे ऐकून घेतलं आणि उत्तर दिलं, “तिकडे महाराज होते. इकडे कार्यकारिणी आहे.” एवढ्यावर न थांबता बाईंनी रंगनाथन काढले. पुस्तकं वापरण्यासाठी असतात, हा त्यांचा ग्रंथालयशास्त्राचा पहिला नियम 1931 चा. नियम करणारे रंगनाथन 1957 ते 1959 या काळात उज्जैनला विक्रम विद्यापीठात होते. म्हणजे मद्रासेत निघालेला नियम उज्जैनपर्यंत स्वतःच्या पायांनी आला. तिथून इंदूर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. तेवढं अंतर तो अजून चालतो आहे.

आमचं म्हणणं इतकंच, की या गावाने कचऱ्यात जे धाडस दाखवलं ते पुस्तकांत दाखवावं. वापरलेल्या वस्तूची किंमत इंदूरला कुणी शिकवायला नको. इथेच विष्णू चिंचाळकर राहत. वाळलेलं पान, मोडकी काडी, लोकांनी फेकलेलं सटरफटर यांतून ते पशुपक्षी आणि माणसं उभी करत आणि सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणे. मुलांच्या पुस्तकाकडेही त्या नजरेने बघायला हरकत नाही. शिवण उसवली आहे, वाघाला निळ्या शाईच्या मिशा फुटल्या आहेत, राक्षस जिथे येतो ते पान भीतीने की प्रेमाने कोण जाणे पण फाटलं आहे, आणि मधेच वरणाचा डाग आहे, म्हणजे जेवताना ते खाली ठेववलेलं नाही. ते पुस्तक आपलं काम करून आलं आहे. दहा वर्षं कोरं राहिलेल्या पुस्तकाने वाळवीचीसुद्धा सोय केलेली नसते, कारण आम्ही डांबराच्या गोळ्या टाकतो. ‘किशोर’चे 1971 पासूनचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवले आहेत. तिथे मुलाला ना अनामत लागते, ना शिफारस, ना जिलेबीचे हात धुवावे लागतात. मोबाइलने मुलं पळवली, असा आमचा आरोप आहे. पण तो निदान दिवसभर उघडा असतो.

तेव्हा वार्षिक अहवालात एक नवा रकाना घालावा, अशी लेखी सूचना आम्ही केली: ‘वाचून फाटलेली पुस्तकं’. ज्या वर्षी हा आकडा वाढेल, त्या वर्षी अध्यक्षांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा. शून्य आला, तर शाल परत घ्यावी.

आनंदाची गोष्ट अशी, की कार्यकारिणीने सूचना मोकळ्या मनाने स्वीकारली. पुढच्या अंदाजपत्रकात ‘फाटण्यासाठी राखीव प्रती’ असं स्वतंत्र शीर्षक आलं असून प्रत्येक पुस्तकाची एक जादा प्रत केवळ मुलांनी फाडावी म्हणून घेतली जाईल. पहिली खेप आलीसुद्धा. तूर्त ती अध्यक्षांच्या खोलीत लोखंडी कपाटात आहे, समारंभाआधी फाटू नये म्हणून.