प्रतीक्षेचा बंदोबस्त

ज्या गावात चिंता हरण करणारे दैवत जमिनीच्या पोटात ठाण मांडून बसले आहे, त्या गावच्या रहिवाशास मनःशांतीसाठी अन्यत्र हिंडण्याचे प्रयोजन नसावे, असा परगावच्या लोकांचा समज असतो. कळंबच्या चिंतामणीचा मी निस्सीम भक्त आहे, आणि गौतमाच्या शापातून सुटण्यासाठी इंद्राने ही मूर्ती स्थापिली, या कथेविषयीही माझी तक्रार नाही. परंतु पायऱ्या उतरून चिंता देवाच्या हवाली करावी आणि पायऱ्या चढून वर येतो न येतो तोच, आपल्या चपला जागेवर असतील काय, ही ताजी चिंता स्वागतास हजर असावी, असा प्रकार वारंवार घडत असल्यामुळे माझ्या खात्यावरील बाकी काही केल्या शून्य होत नाही.

अशा अवस्थेत डिसेंबरच्या तोंडावर आमचे शेजारी, निवृत्त ख्रिस्ती शिक्षक, ज्यांना सारी आळी 'गुरुजी' म्हणते, माझ्या साहाय्यास धावून आले. गुरुजींचे बालपण यवतमाळात, युनियन बिब्लिकल सेमिनरीच्या आसपास गेले. १९५३ साली तेथे स्थापन झालेली ती संस्था १९८३ साली पुण्यास गेली. गुरुजी गेले नाहीत, यावरून त्यांच्या शांतिप्रियतेची कल्पना यावी. नाताळच्या आधीचे चार रविवार हा त्यांच्या धर्मात आगमनकाळ मानला जातो. ३० नोव्हेंबरला जो रविवार सर्वांत जवळचा, त्या दिवसापासून तो सुरू होतो, दर रविवारी एकेक मेणबत्ती अधिक लागते, आणि या अवधीत माणसाने अंतःकरण शांत ठेवून रोज कोणावर तरी गुपचूप उपकार करावा, असे गुरुजींनी मला समजावून सांगितले.

पहिल्या रविवारी त्यांच्या खिडकीत मेणबत्ती दिसताच आमच्या सौभाग्यवतींनी काळजीच्या सुरात विचारले, "गुरुजीइकडची लाईन गेली काय जी?" दुसऱ्या रविवारी दोन मेणबत्त्या दिसल्या, तेव्हा लाईन फारच गेली असावी, असा निष्कर्ष निघाला. तिकडे गुरुजींचे रविवार, इकडे आमच्या घरात मार्गशीर्षातील महालक्ष्मीचे गुरुवार. व्रताच्या दिवशी घरात चढा आवाज चालत नाही आणि रविवारी गुरुजींची भीड पडते. त्यात सोमवारचा उपवास आणि मंगळवारची चतुर्थी वजा केली, तर मजसारख्या संसारी इसमास मनसोक्त भांडण्यासाठी आठवड्यात फारच अल्प मुदत उरते, ही बाब दोन्ही धर्मांच्या शास्त्रकारांनी विचारात घेतलेली दिसत नाही.

तथापि मी उपकारास आरंभ केला. बसमध्ये उठून जागा दिली, तर ज्याला दिली त्याने आधी आपला खिसा चाचपला. ज्यांच्याशी बांधावरून जुना दावा होता, त्यांना रस्त्यात हात जोडले, तर ते तडक वकिलाकडे गेले. चहाच्या टपरीवर तर, "यंदा नगरपंचायतीला उभे राहते वाट्टे," असा निकाल माझ्या देखत लागला. अकारण दया करणारा मनुष्य आणि उमेदवार यांच्यात भेद करण्याची सवय आपल्या समाजाला राहिलेली नाही.

हे गाऱ्हाणे ऐकल्यावर गुरुजींनी मला मेणबत्त्यांच्या मूळची हकीकत सांगितली. जर्मनीत हॅम्बुर्ग येथे योहान विखर्न नावाचे पाद्री निराधार मुलांचा आश्रम चालवीत. नाताळ कधी येणार, हा तगादा मुलांनी त्यांच्यामागे लावला, तेव्हा १८३९ साली त्या गृहस्थाने मुलांवर न खेकसता लाकडी गाडीचे एक चाक घेतले, त्यावर रविवारच्या चार मोठ्या व इतर वारांच्या लहान मेणबत्त्या बसविल्या, आणि रोज एक लावून किती दिवस उरले ते मुलांना डोळ्यांनी मोजू दिले. आमच्याकडे बंडीची चाके पडवीत उगाच पडून असतात. असा उपयोग कोणास सुचला नाही. वास्तविक प्रतीक्षेच्या बाबतीत कळंबकराने जगाला धडे द्यावेत: वर्धा-यवतमाळ-नांदेड या २८४ किलोमीटरच्या लोहमार्गास मंजुरी मिळाली २००८-०९ साली, आणि वर्ध्याची गाडी कळंबास लागली २८ फेब्रुवारी २०२४ रोजी. एवढ्या वर्षांच्या हिशेबाने मेणबत्त्या लावायच्या म्हटल्या असत्या, तर चाके पुरली असती, मेण पुरले नसते.

पुढे एका सायंकाळी गुरुजींबरोबर जिनिंगच्या बाजूने जाणे झाले. कापसाने भरलेल्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आली होती, आभाळ भरून आले होते, आणि काटा बंद होता. तो का बंद आहे व केव्हा सुरू होईल, हे सांगणारे कोणी नव्हते. कास्तकार एकमेकांवर गुरगुरत होते. गुरुजी आत गेले, तेथल्या माणसाकडून नीट माहिती काढून आणली आणि रांगेतील शेवटच्या कास्तकारापाशी जाऊन म्हणाले, "भाऊ, काटा सकाळी आठला चालू होते. तुमचा नंबर दुपारच्या आधी लागत नाही. माल ताडपत्रीनं झाका अन् घरी जाऊन जेवून या." त्या माणसाचा नंबर यत्किंचितही पुढे सरकला नव्हता, तरी त्याने दोरी आवळून बांधली, तंबाखूची डबी उघडली, आणि पहिली चिमूट, ज्याच्याशी आताच हमरीतुमरी चालली होती, त्या पुढच्या गाडीवाल्यापुढे धरली.

तेव्हा माझ्या ध्यानात आले की, माणसाची शांती प्रतीक्षेने ढळत नाही. प्रतीक्षा कोठवर चालणार हे कोणी सांगत नाही, म्हणून ढळते. 'बसा', 'पाहू', 'साहेब आले की या' ही उत्तरे ज्या ज्या खिडकीतून मिळतात, तेथे तेथे अशांतीचे उत्पादन अहोरात्र चालू असते. आणि दुसऱ्याच्या ताटकळण्याला एक खरी तारीख जोडून देणे, हा बिनखर्चाचा परोपकार कोणत्याही धर्माच्या माणसास करता येतो.

या विचाराने भारावून मी दुसऱ्याच दिवशी आमच्या किराणा दुकानदाराकडे गेलो आणि त्याने न विचारता उधारी फेडण्याची तारीख सांगून टाकली. त्याच्या मुद्रेवर असे समाधान मी यापूर्वी पाहिले नव्हते. त्याने मला चहा पाजला आणि तारीख वहीत लाल शाईने लिहून घेतली. आता ती पाळावी लागणार, एवढाच काय तो या धर्माचरणातील दोष होय.