तुमच्या चिरंजीवांचा शत्रू

कॅनबेरा, सप्टेंबरअखेर

ती. बाबा व ती. सौ. आई यांना साष्टांग नमस्कार.

परवा व्हिडिओ कॉलवर तुमच्या चिरंजीवांचं हेल्मेट पाहून आईंनी विचारलं, "अगं, याच्या डोक्यावर हे काय उगवलंय?" यांना ऑफिसची घाई होती आणि मला हसू आवरत नव्हतं, त्यामुळे उत्तर राहून गेलं. ते आता सविस्तर लिहिते. ते काटे म्हणजे वायरी बांधायचे प्लास्टिकचे केबल टाय. हा इथल्या सायकलवाल्यांचा वसंत ऋतूतला पोशाख आहे.

इथे सप्टेंबरात वसंत. झाडांना फुलं, नाकाला शिंका आणि मॅगपायला पिल्लं. मॅगपाय म्हणजे आपल्या कावळ्याएवढा काळा-पांढरा पक्षी. एरवी अगदी सालस. पहाटे असा गळा लावतो की अंथरूण सोडून खिडकीशी जावं. पण मादी अंड्यांवर बसली की नराच्या अंगात येतं. पिल्लं उडेपर्यंतचे सहाएक आठवडे तो घरट्याच्या आसपासच्या शंभर-दीडशे मीटरांत पहारा देतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर झेपावतो. तेही मागून! आधी कानाशी पंखांचा फडफडाट, मग हेल्मेटवर 'खट्'.

सगळेच नर असे नसतात, दहातला एखादाच. ब्रिस्बेनच्या ग्रिफिथ विद्यापीठातल्या डॅरिल जोन्स यांनी या पक्ष्यांचा बराच अभ्यास केला आहे. त्यातून कळलं ते असं, की या हल्लेखोरांत चक्क खातेवाटप असतं. कुणी फक्त पायी चालणाऱ्यांच्या मागे, कुणी पोस्टमनच्या, कुणी सायकलवाल्यांच्या. शिवाय हे पक्षी माणसांचे चेहरे लक्षात ठेवतात आणि वर्षानुवर्षं एकाच भागात राहतात. त्यामुळे आमच्या वळणावरच्या निलगिरीवरचा महाशय तुमच्या चिरंजीवांना चांगला ओळखून आहे. त्याच झाडाखालून शेजारच्या आजी कुत्र्याला फिरवतात, त्यांना काही नाही. मी भाजी घेऊन येते, मला काही नाही. यांची सायकल वळली, की स्वारी फांदीवरून निघालीच. आई, तुम्ही म्हणाल, माझ्या लेकराने त्याचं काय घोडं मारलंय? मीही तेच विचारते आहे.

दगड भिरकावून हाकलता येत नाही का, असं बाबांच्या मनात आलं असेलच. नाही येत. तो इथला देशी पक्षी, त्याला कायद्याचं संरक्षण. त्याने यांचा कान फोडला तर निसर्ग, यांनी त्याला दगड मारला तर गुन्हा. कुठे हल्ले होतात याचे नकाशे लोक दर वर्षी इंटरनेटवर भरतात आणि सरकार झाडाखाली सावधानतेची पाटी लावतं. अधिकृत सल्ला असा, की सायकलवरून उतरा आणि ती हातात धरून चालत जा. बाबा, मिरज-सांगली रस्त्यावर कुत्री मागे लागली की उतरून चालावं, हे तुम्ही यांना शाळेत असल्यापासून सांगत आलात. तेव्हा यांनी तुमचं ऐकलं नाही, आता सरकारचं ऐकत नाहीत. म्हणून केबल टाय. त्यांनी पक्षी बिचकतो म्हणतात. आमचा अजून बिचकलेला नाही. तुमच्या नातीने हेल्मेटच्या मागच्या बाजूला दोन मोठे डोळे रंगवून दिलेत, कारण बघणाऱ्यावर हा पक्षी सहसा येत नाही. डोळ्यांना तिने काजळही घातलंय. हेल्मेटशिवाय जाण्याची सोयच नाही, ते इथे सक्तीचं. व्हिक्टोरिया राज्याने ही सक्ती 1990 मध्ये जगात सगळ्यांत आधी केली. मॅगपायचा त्यात हात नव्हता, असं म्हणतात!

बाकीची मंडळी त्यामानाने सभ्य. माउंट एन्स्लीच्या पायथ्याशी तिन्हीसांजेला कांगारूंचे कळप चरायला उतरतात. त्यातला मोठा नर वाटेत ताठ उभा राहतो आणि जुन्या वाड्याच्या मालकांनी बनियनवर दारात येऊन भाडेकरूकडे बघावं तसा, पोट खाजवत आपल्याकडे बघतो. घंटी वाजवून काहीही होत नाही. त्याला मागे पाऊल टाकणं जमतच नाही म्हणतात, तेव्हा मागे सरायचं ते आपणच. मी दर वेळी सरते. त्याचं चित्र या देशाच्या राजचिन्हावर आहे, माझं नाही.

सापांचं लिहू की नको, विचार करत होते. लिहितेच, नाहीतर चिरंजीव फोनवर तिखटमीठ लावून सांगतील. ब्राउन स्नेक म्हणून जहाल विषारी साप इथे आहे आणि ऊन पडलं की तो सायकलच्या डांबरी वाटेवर अंग शेकत पडतो. शहरातल्या तळ्याभोवतीची अठ्ठावीसएक किलोमीटरची फेरी मारताना आम्हाला एकदा दिसला. लांब थांबलो. तो सावकाश गवतात गेला. एवढंच. आई, देवाला नारळ बोलू नका, आधीचेच फेडायचे राहिलेत.

इथल्या पक्ष्यांपुढे लष्करानेही हात टेकले आहेत. 1932 साली पश्चिम ऑस्ट्रेलियात गव्हाची नासाडी करणाऱ्या एमूंवर मशीनगन घेऊन सैनिक पाठवले होते. एमू पांगले, गोळ्या संपत आल्या, सैनिक परतले. तुमचे चिरंजीव एकटे आणि त्यांच्याकडे फक्त केबल टाय, त्यामुळे निकालाबद्दल मला शंका नाही.

तुमच्या येण्याचं आता नक्की करा. मार्च-एप्रिल उत्तम. हवा छान असते, मॅगपायची पिल्लं मोठी झालेली असतात आणि साप सुस्तावायला लागतात. बाबांसाठी सायकल तयार ठेवते. ऑगस्ट ते ऑक्टोबरची तिकिटं कितीही स्वस्त मिळाली तरी काढू नका.

तुमची सूनबाई