तहानलेला कावळा आणि कृष्णविवर

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्ड नावाचं एक उजाड, रखरखीत ठिकाण आहे. तिथे काटकोनात पसरलेल्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या आहेत. या यंत्राचं नाव लायगो आणि काम कृष्णविवरांच्या टकरी ऐकण्याचं. २०१७च्या उन्हाळ्यात या यंत्राला मधूनच टकटक ऐकू येऊ लागली.

शास्त्रज्ञांनी छडा लावला. टकटक विश्वाच्या टोकाकडून येत नव्हती, इमारतीच्या बाहेरूनच येत होती. द्रवरूप नायट्रोजनच्या थंडगार नळीवर बर्फ साचत होता आणि उन्हाने कावलेले डोमकावळे तो चोचीने फोडून तहान भागवत होते. बर्फावर चोचीच्या खुणासुद्धा सापडल्या. लहानपणी आपण ज्याला मडक्यात खडे टाकायला लावलं, त्याच्या या अमेरिकन चुलतभावाला खडे गोळा करण्याची गरजच पडली नव्हती. अखेर नळी झाकून टाकण्यात आली. कावळा ओरडला की पाहुणा येतो, असं आपल्याकडे म्हणतात. इथे मंडळी कोट्यवधी वर्षांच्या प्रवासावरून येणाऱ्या पाहुण्याकडे डोळे लावून बसली होती, आणि आला तो कावळाच.

मोठा शोध लागला की वर्तमानपत्रात कृष्णविवराचं रंगीत चित्र येतं. माझ्या मते कधीतरी कावळ्याचं यावं. विश्वाचा आवाज ऐकणाऱ्यांचं बहुतेक आयुष्य घरातल्या खुडबुडीची शहानिशा करण्यातच जातं.

ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीचंच घ्या. ६४ मीटर व्यासाची ही रेडिओ दुर्बीण. १९९८पासून तिला अधूनमधून क्षणभराचे विचित्र संकेत मिळत. ते येत दिवसाउजेडी, आणि त्यातले बरेचसे जेवणाच्या सुमारास. एवढ्यावरून आपल्याकडच्या कुठल्याही गृहिणीने निदान केलं असतं. शास्त्रज्ञांना १७ वर्षं लागली, पण त्यांनी पुरावा दिला, हा फरक आहे. वेधशाळेतलं कोणीतरी मायक्रोवेव्हची घंटी वाजण्याआधीच दार उघडत होतं आणि त्या क्षणी निसटणाऱ्या लहरी दुर्बीण टिपत होती. घंटी होईपर्यंत थांबणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. यातली मौज अशी, की अतिदूरच्या दीर्घिकांमधून खरोखर येणारे क्षणिक रेडिओ-स्फोटही याच दुर्बिणीच्या नोंदींमध्ये २००७ साली सापडले होते आणि तेही असंच काहीतरी असेल म्हणून लोक त्यांच्याकडे संशयाने बघत होते. मायक्रोवेव्ह पकडला गेला, तेव्हा खऱ्या स्फोटांवरचं किटाळ दूर व्हायला मदत झाली.

लायगोचा संशयीपणा मात्र याच्याही पुढचा. त्याला कारण आहे. कृष्णविवरांच्या टकरीतून उठलेली गुरुत्वीय लहर येते तेव्हा ती अवकाशालाच एका दिशेने किंचित ताणते आणि तिच्या काटकोनात किंचित आखडते. म्हणून नळ्या दोन. लेझरचा झोत मधोमध दुभागून दोन्हींत सोडायचा, टोकाच्या आरशांवरून परत आणायचा आणि दोन्ही झोत एकमेकांना जुळतात का ते पाहायचं. एक नळी लांबली, दुसरी आखडली, की जुळणी बिघडते. हे लांबणं किती? चार किलोमीटरमध्ये प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. त्यासाठी ४० किलोचे आरसे अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक काचतंतूंवर टांगलेले आहेत. एवढा नाजूक कान लावून बसल्यावर दूरची आगगाडी ऐकू येते, लुईझियानातल्या लिव्हिंग्स्टनच्या जुळ्या यंत्राशेजारी जंगलात झाड पडलेलं कळतं, किनाऱ्यावर आपटणाऱ्या समुद्राचा धक्काही जाणवतो. ऐकू येत नाही ते फक्त कृष्णविवर.

मुळात अशा लहरी असतात की नाही, यावर खुद्द आइन्स्टाइनच डगमगले होते. १९१६ साली त्यांनी त्या असाव्यात असं मांडलं. १९३६मध्ये नेथन रोझेनबरोबर लेख लिहिला आणि त्या नाहीतच, असं सिद्ध केल्याचं ठरवलं. लेख 'फिजिकल रिव्ह्यू'कडे गेला. संपादकांनी तो तपासायला एका तज्ज्ञाकडे पाठवला, त्याने चूक काढली. आइन्स्टाइन संतापले. लेख छापायला दिला होता, कोणाला दाखवायला नव्हे, अशा अर्थाचं पत्र लिहून त्यांनी तो परत मागवला. हा प्रसंग वाचल्यापासून साभार परत आलेल्या मराठी लेखकांबद्दलचा माझा आदर वाढला आहे. त्यांच्या संतापाला फार थोर परंपरा आहे. पुढे आइन्स्टाइनच्या लक्षात चूक आली आणि दुसऱ्या नियतकालिकात छापताना त्यांनी निष्कर्ष मुकाट्याने बदलला.

असा पूर्वेतिहास असल्यावर लायगोवाल्यांनी स्वतःच स्वतःला फसवण्याची व्यवस्था करून ठेवली. मोजक्या दोन-चार माणसांनी गुपचूप यंत्रात खोटा संकेत सोडायचा आणि बाकीच्यांना पत्ता लागू द्यायचा नाही. सप्टेंबर २०१०मध्ये बृहल्लुब्धक तारकासमूहाच्या दिशेने एक झकास संकेत आला. शेकडो शास्त्रज्ञ सहा महिने त्यावर झटले, निबंधही लिहून तयार झाला. मार्च २०११मध्ये कॅलिफोर्नियात सगळे जमले, लिफाफा उघडला गेला, आणि निघालं की संकेत आपल्याच लोकांनी घुसडलेला होता. आपल्याकडे असं झालं असतं तर संस्थेत दोन गट पडून दुसरी संस्था स्थापन झाली असती. ही माणसं पुन्हा आपापल्या कामाला लागली.

म्हणूनच १४ सप्टेंबर २०१५ला खरा पाहुणा आला, तेव्हा त्याला दारातच अडवलं गेलं. आपल्या घड्याळात दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं झाली होती; महाराष्ट्र वामकुक्षी आटोपून चहाची वाट पाहत होता. सुधारलेल्या यंत्रांची अजून चाचणीच चालू होती, अधिकृत निरीक्षणाला चार दिवस बाकी होते. लिव्हिंग्स्टनला संकेत आला आणि सात मिलिसेकंदांनी तीन हजार किलोमीटरवरच्या हॅनफर्डला तोच संकेत आला. जर्मनीत हॅनोव्हरला बसलेल्या ज्या तरुण संशोधकाने तो पहिल्यांदा पाहिला, त्याने साहजिकच विचारलं: हा कोणी सोडलाय का? कोणीच सोडला नव्हता. तरी पाच महिने खातरजमा चालली आणि ११ फेब्रुवारी २०१६ला जगाला सांगण्यात आलं, की सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली आणि तीन सूर्यांइतकं वस्तुमान सेकंदाच्या एका अंशात लहरींमध्ये उधळलं गेलं. ती टक्कर झाली तेव्हा पृथ्वीवर सूक्ष्मजीवांचं राज्य होतं. आवाजात रूपांतर केलं तर हा सगळा प्रलय एखाद्या पाखराच्या 'चिव्' एवढा ऐकू येतो.

या गोंगाटातून चिवचिव वेचायची कशी, याचा विचार पुण्यातही झालेला आहे. जयंत नारळीकरांनी उभ्या केलेल्या आयुकामध्ये संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्यामागे होते, तेव्हा लायगो उभंही राहिलेलं नव्हतं. युक्ती अशी, की टक्कर झाली तर लहर कशी दिसेल हे आधीच गणिताने काढून ठेवायचं, अशा हजारो लहरींचा संच करायचा आणि येणाऱ्या गोंगाटावर तो सतत ताडून पाहायचा. लग्नाच्या हॉलमध्ये सनई, पंगत आणि मानपान एकाच वेळी चालू असतानाही आईला आपल्याच पोराचं रडणं नेमकं ऐकू येतं, ते याच तत्त्वावर.

आता यंत्रं इतकी तरबेज झाली आहेत, की १४ जानेवारी २०२५ला आलेला तसाच एक संकेत पहिल्यापेक्षा तिपटीहून स्पष्ट ऐकू आला. त्यावरून स्टीफन हॉकिंग यांनी १९७१मध्ये मांडलेलं म्हणणं पडताळता आलं, की कृष्णविवरं एकत्र आली तरी त्यांच्या पृष्ठभागाचं एकूण क्षेत्रफळ घटत नाही. टकरीआधी दोघांचं मिळून ते सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर होतं, नंतर सुमारे ४ लाख झालं. म्हणजे आधी महाराष्ट्राहून लहान, नंतर महाराष्ट्राहून मोठं. सात-बारावर दोघांची जमीन एकत्र केली आणि ती वाढून निघाली, असा अनुभव पृथ्वीवर फारसा कोणाला येत नाही.

तिसरं लायगो आपल्याकडे होतं आहे. २०१६च्या त्या पहिल्या घोषणेनंतर सहाच दिवसांत केंद्र सरकारने तत्त्वतः मान्यता दिली; २६०० कोटींची पूर्ण मंजुरी एप्रिल २०२३मध्ये आली. सरकारी फाइलचा वेग प्रकाशाच्या वेगाशी ताडून पाहू नये. जागा ठरली हिंगोली जिल्ह्यातली, औंढा नागनाथजवळची. ज्योतिर्लिंगाच्या या देवळासमोर नामदेवांना कीर्तन करू दिलं नाही, ते मागे जाऊन उभे राहिले, तेव्हा देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून बसलं, अशी कथा आहे. ज्या गावाने अख्खं देऊळ हललेलं ऐकलं, त्याला प्रोटॉनच्या हजाराव्या भागाचं कौतुक वाटायला लावणं हे जरा कठीणच काम आहे.

यंत्र भारतात असण्याचा फायदा दिशेचा. अमेरिकेतल्या दोन यंत्रांना लहर आली हे कळतं, पण आकाशाच्या नेमक्या कोणत्या कोपऱ्यातून, हे सांगताना ती चाचरतात. इटलीतलं आणि जपानमधलं यंत्र मदतीला असतं. पृथ्वीच्या या बाजूला आणखी एक कान आला तर पत्ता बराच नेमका लागेल आणि दुर्बिणी लगेच तिकडे वळवता येतील.

मला काळजी होती वरातीची. २०१५च्या त्या चिवचिवीची कंपनसंख्या ३५पासून २५० हर्ट्झपर्यंत चढत गेली होती. आपल्या डीजेच्या भिंतीतून छातीत धडधड उठवणारा आवाज नेमका याच पट्ट्यातला. मंगल कार्यालयाच्या दिशेने एखादी वरात निघाली तर दोन कृष्णविवरं एकत्र आल्याची घोषणा व्हायची, आणि ती अगदीच चुकीची आहे असंही म्हणता यायचं नाही. पण शास्त्रज्ञांनी याचा बंदोबस्त करून ठेवला आहे. एकाच यंत्राने ऐकलेलं सहसा ग्राह्य धरत नाहीत; हजारो किलोमीटरवरच्या दुसऱ्यानेही त्याच सुमारास तेच ऐकावं लागतं. हिंगोलीतला डीजे लिव्हिंग्स्टनपर्यंत पोचत नाही. अजून तरी.